तिसऱ्या ओळीतला शेवटचा चौकोन

२ मार्च, सोमवार

बाबांना बोलायला शिकवणाऱ्या थेरपिस्ट बाईंनी सांगितलं म्हणून ही वही. "रोज काय घडलं ते लिहा. चारच ओळी लिहा, पण लिहा." मी म्हटलं, कॉम्प्युटरवर लिहिते, माझा दिवस तिथेच जातो. तर म्हणाल्या, "नको. तिथे लिहिलेलं तुम्ही सुधारत बसाल. वहीत शाईनं लिहा." बाई मला दुसऱ्यांदाच भेटत होत्या. इतक्या लवकर ओळखलं याचा थोडा रागच आला.

तर नोंद. बाबांना झटका येऊन पाच महिने झाले. उजवा हात लुळा आहे, पाय आता बरा चालतो. सगळं समजतं, सगळं आठवतं, पण शब्द तोंडून येत नाही. येतं ते फक्त "ते ते ते", आणि ते आलं की स्वतःवरच चिडतात. बाईंनी टॅबलेटवरचा एक तयार तक्ता दाखवला होता. चौकोनावर बोट ठेवलं की यंत्र तो शब्द बोलतं. चौकोन बारीक, चित्रं बालवाडीतली. बाबांनी एकदा बघितलं आणि मान फिरवली. मी म्हटलं, एवढंच ना? मी करते. पंधरा वर्षं परक्यांसाठी प्रोग्रॅम लिहिले, एक घरासाठी. नोकरी तर जानेवारीतच सोडली आहे.

आज कोरा तक्ता उभा राहिला. पाच ओळी, ओळीत सहा चौकोन, एकूण तीस. शब्द अजून एकही नाही, बोट ठेवलं की नुसतं टक् वाजतं. पण आतला कोड इतका नेटका की चौकट करून भिंतीवर लावावा. लगेच कमिट केला. ही वही बाई कधी वाचणार असतील तर त्यांच्यासाठी: कमिट म्हणजे आत्ता जे जसं आहे ते तसंच्या तसं जपून ठेवणं, तारीख आणि एका ओळीच्या टिपणासकट. पुढे कितीही वाट लावली तरी इथपर्यंत परत येता येतं. टिपण लिहिलं, "कोरा तक्ता, सर्व तपासून पूर्ण." कसं भारदस्त वाटतं.

५ मार्च, गुरुवार

तीन दिवस शब्द भरण्यात गेले. खरं तर शब्दांना वेळ लागला नाही, जागांना लागला. मी आपली ओळीनं भरत सुटले होते. बाबांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि एकेक शब्द कुठे हवा ते बोट टेकवून दाखवायला लागले. "नको" अगदी खाली, डावीकडे. त्याच्या शेजारी "हो". "चष्मा" मधोमध. "पाणी" खालून दुसऱ्या ओळीत. मी विचारलं, "काय फरक पडतो बाबा? शब्द दिसतोच आहे ना?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्यानं शब्द उचलून तिथे टाकला. त्यांनी एकतीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवले. शिशाचं एकेक अक्षर खणातून उचलायचं आणि ओळ लावायची. असलं किचकट काम आयुष्यभर केलेला माणूस हट्टी असणारच, अशी मी मनाची समजूत घातली.

शेवटी एकच चौकोन उरला, तिसऱ्या ओळीतला शेवटचा. आई दारातून म्हणाली, "तिथे 'जेवलीस का' घाल."

"आई, ही गरजेच्या शब्दांची जागा आहे."

"मग? तू घरात पाऊल टाकलंस की पहिलं हेच विचारायचे ना? तुला गरज नसेल, त्यांना आहे."

बाबा जोरजोरात मान हलवत होते. दोघांशी कोण वाद घालणार? घातलं. यंत्राच्या ठसठशीत पुरुषी आवाजात "जेवलीस का?" ऐकून आई तोंडावर हात ठेवून हसली. बाबांनी आज मला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा मी हो म्हटलं. जेवले चार वाजता.

९ मार्च, सोमवार

चालतंय! बाबांनी काल स्वतः चष्मा मागितला. आज शेजारच्यांनी आवाज मोठा करून रेडिओ लावला तर "नको" सलग सात वेळा दाबलं, भिंतीकडे बघत. आईला "चहा" सांगितला आणि आईनं बिनसाखरेचा आणला तेव्हा पुन्हा "नको". आई म्हणाली, "आला, माझा नवरा परत आला."

दुपारी दाढीचा फोन. दाढी म्हणजे जुन्या कचेरीतला माझा शेजारी, पंधरा वर्षांत एकदाही गुळगुळीत न झालेला. तक्ता चालतो म्हटल्यावर त्यानं पहिला प्रश्न विचारला, "कमिट केलंस का?"

"नाही रे. आत नुसता उकिरडा आहे. तीस शब्द हातानं कोंबलेत, मध्येच आकडे टाकलेत. हे कमिट करायला लाज वाटते."

"अगं, एकटी काम करतेस. बघणार कोण आहे?"

"मी बघणार आहे."

त्यानं विषय बदलला. त्यालाही ते शुक्रवार आठवले असणार. आमचे मोठे साहेब दर शुक्रवारी सगळ्यांच्या कमिटची यादी प्रोजेक्टरनं भिंतीवर पाडायचे आणि टिपणं मोठ्यानं वाचायचे. माझी एकदा लागोपाठ अकरा निघाली होती. "दुरुस्ती." "परत दुरुस्ती." "आता तरी चाल." साहेबांनी "आता तरी चाल" हे हात जोडून वाचलं. चाळीस माणसं हसली, दाढीसकट. तेव्हापासून मी काम पूर्ण, स्वच्छ आणि घडी घातलेलं झाल्याशिवाय कमिट करत नाही. नोकरी सुटली, सवय सुटली नाही, आणि सवय वाईट आहे असं मला वाटतही नाही.

१२ मार्च, गुरुवार

तीन दिवस राबून उकिरडा साफ केला. आता शब्दांचे गट आहेत: माणसं, शरीर, घर, खाणंपिणं. गटाच्या आत अकारविल्हे. त्यामुळे कुठलाही शब्द कुठे असेल हे कुणालाही न सांगता कळतं. "हो" शेवटी गेला, "नको" मध्ये आला, सगळं तर्काला धरून. दहाएक बिनकामाचे शब्द काढून टाकले, आईचा तो लाडका चौकोनही गेला. बदल्यात "उशी", "खिडकी", "दिवा" असे उपयोगाचे शब्द आले. दिसायला इतकं सुरेख की मीच दोनदा लांबून बघितलं. बाबांच्या टॅबलेटवर जुना काढून नवा चढवला.

कमिट अजून नाही. रंग राहिलेत. रंग झाले की एकदम करीन.

१४ मार्च, शनिवार

काहीतरी बिनसलंय. बाबा पाणी मागायला जातात आणि दाबतात "गुडघा". चष्मा हवा असतो, यंत्र म्हणतं "टॉवेल". आईनं टॉवेल आणला तर त्यांनी तो फेकला. दुपारी तीनच्या सुमारास मी कामावरून उठून त्यांच्या खोलीत गेले, तर माझ्याकडे बघून "खिडकी". उघडली. पुन्हा "खिडकी". लावली. पुन्हा. अर्धी उघडी ठेवली. चौथ्यांदा दाबून त्यांनी डोळे मिटून घेतले.

सोमवारपर्यंत शब्द ओळखत होते. पाच दिवसांत काय झालं? थेरपिस्ट बाईंना फोन केला. म्हणाल्या, मेंदू असा मागेपुढे होतो, लक्ष ठेवा. मला भीती वाटतेय आणि ती आईला सांगता येत नाही.

१७ मार्च, मंगळवार

अक्षरं लहान पडत असतील म्हणून मोठी केली. गटांना वेगळे रंग दिले. उपयोग शून्य. "खिडकी" आज सहा वेळा. शेवटी मी खिडकीच्या काचा आतून-बाहेरून पुसल्या, पडदा बदलला, त्यांची खुर्ची ओढून खिडकीशी नेली. बाबा खिडकीला पाठ करून बसले. आता बोला!

आई मदत करायची सोडून गोष्ट सांगत बसली. छापखाना नव्या मालकाकडे गेला तेव्हा त्याला म्हणे अव्यवस्था खपत नव्हती. रविवारी एकटाच येऊन त्यानं सगळ्या खणांतले खिळे वर्णमालेच्या क्रमानं लावून ठेवले, वर चिठ्ठ्या डकवल्या. "सोमवारी तुझ्या बाबांनी एक सूचना जुळवली ती छापून आली तर एक शब्द लागेना. घरी आले, जेवले नाहीत. म्हणाले, माझं डोकं गेलं, मी म्हातारा झालो. अडतीस वर्षांचे होते तेव्हा!"

"मग?"

"मग काय, चार दिवसांनी मालकानंच खण पूर्वीसारखे करायला सांगितले. डोकं आलं ठिकाणावर. जास्त लागणारी अक्षरं हाताशी हवीत गं, ते बघत कुठे होते खणाकडे? बघायचे कागदाकडे."

आईला कुठून काय आठवेल याचा नेम नाही. मला रंगांचं काम पडलं होतं, मी "बरं" म्हणून उठले.

१९ मार्च, गुरुवार

बाबांनी टॅबलेट ढकलून दिला. पलंगावरच पडला म्हणून वाचला. त्याआधी "खिडकी" दोनदा, मी आत गेल्या गेल्या. मी तिकडे बघितलंसुद्धा नाही.

थेरपिस्ट बाई घरी येऊन बघून गेल्या. जिन्यात उभं राहून बोलल्या, म्हणजे बातमी चांगली नव्हती. एकतीस तारखेला त्या सहा साधे प्रश्न विचारतील. तक्त्यावरून निदान चार उत्तरं आली तर बाबांचा आठवड्याचा तास चालू राहील. नाही आली तर तक्त्याचा नाद सोडायचा आणि तो तास रांगेतल्या पुढच्या रुग्णाला द्यायचा. "ज्यांना उपयोग होतोय त्यांना आधी, तुम्ही समजून घ्याल," असं म्हणाल्या. मी समजून घेतलं. जिना चढून वर आले आणि न्हाणीघरात नळ सोडून रडले.

२१ मार्च, शनिवार

ठरवलं की पहिला तक्ता परत आणायचा. बाबांनी जागा दाखवून लावलेला, उकिरड्यातला. बाकी नंतर बघू.

तो नाही.

कुठेच नाही. टॅबलेटवर मी नवा चढवला तेव्हा जुना गेला. कॉम्प्युटरवर त्याच फाइलवर रोज गिरवत होते. माझ्याकडे सबंध महिन्याचा एकच कमिट आहे, दोन मार्चचा, कोरा. सर्व तपासून पूर्ण! पूर्ण काय, माझं कपाळ? आणि मधल्या ज्या दिवशी बाप बोलत होता त्या दिवसाचं काहीही नाही, कारण बाईसाहेबांना त्याची लाज वाटत होती. कुणासमोर? भिंतीवर यादी पाडणारे साहेब माझ्या घरात राहतात का? पंधरा वर्षं नव्या पोरांना मी शिकवलं की जपून ठेवत जा रे, आणि स्वतःच्या घरात ही अक्कल.

दाढीला फोन केला. "शेवटचा कमिट कधीचा?"

"दोन तारखेचा."

त्यानं तारीख पुन्हा एकदा विचारून घेतली. मग म्हणाला, "मी त्या दिवशी हसायला नको होतं." मी म्हटलं आता ते उकरू नकोस. पण बरं वाटलं.

माझा आवाज ऐकून आई आली. कमिट म्हणजे काय ते तिला समजावलं, हातवारे करून. ती लगेच म्हणाली, "म्हणजे प्रूफ. तुझे बाबा जुळवलेल्या प्रत्येक पानाचं एक प्रूफ काढून तारेला अडकवायचे. चुका असल्या तरी. पान हातातून निसटून खिळे सांडले तर त्यावरून परत लावता यावं म्हणून."

"चुका असल्या तरी?"

"अगं, चुका नसलेलं पान छापूनच जातं. सांडतं ते मधलंच."

मला तिच्यावरही राग आला. हे पाच तारखेला का नाही सांगितलंस, असं ओरडणार होते. तिला कुणी विचारलं होतं?

२३ मार्च, सोमवार

आज एकसष्ट कमिट केले. वाचून दाखवा म्हणावं आता भिंतीवर. "रंग बदलला." "रंग परत आणला." "एक टिंब." "मागचं चुकलं." "मागचंच बरोबर होतं." दुपारी मला सकाळची एक चांगली मांडणी परत हवी होती, तर एकसष्टांत ती कुठली हे मलाच सापडेना. प्रत्येकीत काही ना काही मोडलेलं. दाढीला सांगितलं तर म्हणाला, "आधी उपास, आता दर घासाला ढेकर."

"मग किती वेळा करायचा ते तरी सांग!"

"घड्याळ बघून करतात का? काहीतरी चालायला लागलं की करायचा. चालणाऱ्याला हात लावायच्या आधी करायचा. बाकी तुझी मर्जी."

"चालायला लागलं हे ठरवणार कोण?"

"ते मला काय विचारतेस? वापरतंय कोण?"

उपदेश करायला सगळे तयार असतात. मी फोन ठेवला.

२५ मार्च, बुधवार

आठवून आठवून जुना तक्ता लावला. "नको" आणि "हो" नक्की आठवतात, चष्माही. बाकी अंदाजानं. "खिडकी" मात्र आत्ता आहे तिथेच ठेवली, तिसऱ्या ओळीच्या टोकाला, कारण रोज मागतात तीच.

बाबांनी "नको" दाबलं, बरोबर लागलं, आणि पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळला. मग पुढचं चुकलं. त्याच्या पुढचंही चुकलं. मग माझ्याकडे बघून "खिडकी". मी ओरडले. "काय आहे त्या खिडकीत? काय हवंय काय तुम्हाला? मी सकाळपासून इथे मरतेय तुमच्यासाठी!" असं आणि याहून वाईट. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

आईनं मला हाताला धरून बाहेर काढलं. "त्यांना बोलता येत नाही. तुला येतं म्हणून वाटेल ते बोलशील?" मी चाळिशीची बाई खाली मान घालून ऐकत उभी. लिहितानाही तोंड कडू होतंय. शाईनं लिहिलंय, खोडता येणार नाही, हेही बरंच.

२८ मार्च, शनिवार

सगळं नीट लिहिते. घाई करणार नाही.

सकाळी हात टेकले. ठरवलं की झालं ते पुसायचं आणि दोन तारखेपासून परत सुरुवात करायची. परत जाण्यासारखा कमिट तोच एक. कोरा तक्ता टॅबलेटवर चढवला, चालतो का बघितला आणि बाबांच्या पलंगावर तसाच ठेवून आईला औषधं काढून द्यायला गेले. आतून टक् असा आवाज आला. थोड्या वेळानं परत टक्. मला वाटलं, बिचारे रिकामे चौकोन दाबत बसलेत. हे बघवणार नाही म्हणून टॅबलेट उचलायला आत गेले.

बाबा तक्त्याकडे बघतच नव्हते. ते पलंगाखाली बघत होते आणि बोट मात्र मधल्या एका चौकोनावर पडत होतं, पुन्हा पुन्हा, तिथेच. पलंगाखाली त्यांचा चष्मा पडला होता.

"चष्मा?" मी म्हटलं.

त्यांनी मान अशी हलवली की उशी घसरली.

मी तिथेच फरशीवर बसले. म्हटलं, "बाबा, नको?" बोट खाली डावीकडे. "हो?" शेजारी. "पाणी?" खालून दुसरी ओळ, क्षणाचाही विचार नाही, डोळे माझ्यावर. कोऱ्या तक्त्यावर बघायला होतंच काय? माणूस बघत नव्हता. माणूस पहिल्या दिवसापासून बघत नव्हता. त्यानं तीस खण लावून घेतले होते आणि मी एका गुरुवारी येऊन ते वर्णमालेप्रमाणे लावून टाकले, वर रंगीत चिठ्ठ्या डकवल्या. त्यांचं डोकं कधीच मागे गेलं नव्हतं. आईनं मला हे सतरा तारखेला सांगितलं होतं. वहीत आहे, माझ्याच अक्षरात, शेवटी "मी 'बरं' म्हणून उठले" हेसुद्धा.

मग दोन तास आम्ही तेच केलं. मी शब्द म्हणायचा, त्यांनी जागा दाखवायची, मी लिहायचा. एक ओळ झाली की विचारायचं, "बरोबर?" त्यांनी "हो" दाबलं की कमिट. आत परत तोच उकिरडा, हातानं कोंबलेले शब्द, मध्येच आकडे. टिपण काय लिहावं याचा विचारही केला नाही. "खालची ओळ, बाबांनी पास केली." आई दारात खुर्ची टाकून बसली होती आणि प्रत्येक शब्दाला, तीच परीक्षेला बसल्यासारखी, पुटपुटत होती.

एकोणतीस शब्द लागले. एक चौकोन उरला. बाबांनी स्वतःहून त्यावर बोट ठेवलं. टक्.

"खिडकी?"

डोळे मिटले. "नको."

"उशी? दिवा? पंखा?" नको, नको, नको. मी बारा तारखेला काढून टाकलेल्या शब्दांतला एखादा असणार. बाकीचे एकेक करून आठवले होते, पण हा कुठला? काही आठवेना. आईला विचारलं तर तिलाही सांगता येईना. मग ही वही घेतली आणि मागे गेले. पाच मार्च. "शेवटी एकच चौकोन उरला, तिसऱ्या ओळीतला शेवटचा."

ते वाचलं आणि पुढची पानं उलटत आले. चौदा तारखेला चार. सतराला सहा. एकोणीसला दोन. पंचवीसला एक, ज्यावर मी ओरडले. तेरा वेळा. आणि प्रत्येक वेळी वेळ तीच, मी दुपारची कामावरून उठून त्यांच्या खोलीत गेले की. मी काचा पुसत होते. पडदे बदलत होते. मला बोलता येतं ना, मी म्हटलं, मरतेय तुमच्यासाठी.

चौकोनात शब्द घातला. टॅबलेट त्यांच्या हातात दिला. त्यांनी बोट ठेवलं आणि यंत्र त्याच ठसठशीत आवाजात म्हणालं, "जेवलीस का?"

साडेतीन वाजले होते. माझ्या ओठांवर "हो" आलं होतं, सवयीनं.

"नाही, बाबा."

त्यांनी पुन्हा दाबलं. आई उठून ताट वाढायला गेली. मला रडायला येत होतं आणि भूकही लागली होती, दोन्ही एकदम. म्हटलं, जाते, फक्त एक मिनिट, हे एवढं जपून ठेवते. शेवटचा कमिट केला. टिपण: "तीस पूर्ण. जेवायला जाते." हे साहेबांनी खुशाल हात जोडून वाचावं.

३१ मार्च, मंगळवार

सहापैकी सहा. तास राहिला.

बाईंच्या दवाखान्यात गेलो होतो. पाच प्रश्न सरळ झाले. सहाव्याला बाई म्हणाल्या, "आता तुम्हाला हवं ते बोला." बाबांनी त्यांच्याकडे बघितलं आणि तिसऱ्या ओळीच्या टोकाला बोट नेलं. यंत्रानं थेरपिस्ट बाईंना एकेरीत विचारलं, "जेवलीस का?" आई शरमून अर्धी झाली. बाईंनी हातातला कागद बाजूला ठेवला. मग पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "नाही हो. सकाळपासून वेळच नाही झाला." बाईंनी डबा उघडेपर्यंत बाबा त्यांच्याकडे बघत राहिले.

आम्ही निघताना बाईंनी वही बघायला मागितली. दिली नाही. पंचवीस तारीख त्यात आहे.

घरी आल्यावर मला वाटलं, चौथ्या ओळीतली दोन चित्रं थोडी फिकट आहेत, बदलावीत. बाबांना दाखवलं. "नको."

आज कमिट नाही. काही बदललं नाही. जेवले एक वाजता.